लक्षद्वीपसाठी माहिती अधिकार: अर्ज केरळला पाठवू नका

लक्षद्वीपच्या राजधानीला, कवरत्तीला, कामासाठी जायचा परवाना का रखडला, हे विचारायला तुम्ही माहिती अधिकाराचा अर्ज तिरुवनंतपुरमला पाठवलात आणि दोन महिने उत्तर नाही. वाचताक्षणी दुखणं ओळखलं. माझाही सगळ्यात जास्त वेळ याच चुकीत गेला.

फसायला होतंच. जहाज कोचीहून, विमान कोचीहून, हायकोर्ट केरळचं, मिनिकॉय सोडलं तर बोली मल्याळमच्या कुळातली. पण १ नोव्हेंबर १९५६ पासून ही बेटं थेट केंद्राकडे आहेत. केरळच्या मंत्रालयाचा तिथल्या कारभारावर काडीचा अधिकार नाही. विधानसभा नाही, मुख्यमंत्री नाही. राष्ट्रपतींनी संविधानाच्या अनुच्छेद २३९ खाली नेमलेला प्रशासक, वर केंद्रीय गृह मंत्रालय, खाली कलेक्टर आणि बेटाबेटावरचे अधिकारी, एवढीच उतरंड. अनुच्छेद २४० खाली राष्ट्रपती तिथल्यासाठी विनियम काढू शकतात आणि त्यांना संसदेच्या कायद्याइतकंच बळ असतं. म्हणून आपल्याकडचा कायदा तिथे जसाच्या तसा चालतो असं धरू नका.

काहीजण सुचवतील, द्वीप पंचायतीला पत्र टाका. नका टाकू. द्वीप पंचायत म्हणजे बेटावरची ग्रामपंचायत. पण प्रवेश परवाना १९६७ च्या नियमांखाली प्रशासनाकडून मिळतो. पंचायतीच्या सहीने तो हलत नाही.

आता अर्जाचं. आपण महाराष्ट्राच्या सवयीने दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चिकटवतो. तिथे केंद्राचे २०१२ चे नियम लागतात आणि त्यांत कोर्ट फी स्टॅम्प बसत नाही. दहा रुपयांची इंडियन पोस्टल ऑर्डर घ्या, लेखाधिकाऱ्याच्या नावाने भरा, तिचा नंबर अर्जात लिहा आणि झेरॉक्स ठेवा. मराठीत लिहू नका, इंग्रजी किंवा हिंदीत लिहा. आपल्या १५० शब्दांच्या जागी तिथे ५०० शब्द चालतात, तरी प्रश्न तीनच विचारा: अर्ज कोणत्या तारखेला कोणाच्या टेबलावर होता, शेरा काय आणि पोलीस पडताळणीचा अहवाल आला का. ‘का दिला नाही’ असं विचारलंत तर ‘ही माहिती नाही, स्पष्टीकरण आहे’ म्हणून हात झटकतात. फाईलवरच्या टिपणीची प्रत मागा.

आणि ज्या कार्यालयाने अर्ज दाबून ठेवला, त्याबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. माहिती अधिकार कायद्याचं कलम ६(३) सांगतं की विषय आपला नसेल तर अर्ज पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा आणि अर्जदाराला कळवायचं. एका कार्यालयाने माझा कागद ना पुढे पाठवला, ना परत केला. खिडकीवर ‘प्रोसेसमध्ये आहे’, फोनवर ‘साहेब दौऱ्यावर’. एका लिफाफ्याचं काम होतं! दूरच्या बेटावरचं काम अडलेल्या माणसाला असं टांगून ठेवणं मला अक्षम्य वाटतं. म्हणून माझं ठाम मत: त्यांच्या मागे लागू नका, थेट लक्षद्वीप प्रशासनाकडे नवा अर्ज करा.

तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, तिथल्याच वरिष्ठाकडे. दुसरं अपील नव्वद दिवसांच्या आत दिल्लीच्या केंद्रीय माहिती आयोगाकडे. इथेही लोक चुकून केरळ राज्य आयोगाला लिहितात.

जाता जाता: काम जागेच्या खरेदीशी जोडलेलं असेल तर १९६५ चा जमीन विनियम आधी वाचून घ्या, बेटाबाहेरच्याला जमीन सहज मिळत नाही. आणि मेच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत समुद्र खवळलेला असतो, तेव्हा बोटींच्या भरवशावर तारखा ठरवू नका.

मी वकील नाही, नियम बदलतात, पाठवण्याआधी जन माहिती अधिकाऱ्याचं पद आणि पत्ता तपासा. नकार आला तर कोणतं कलम दाखवलंय तेवढं इथे लिहा, अपिलाचा मसुदा बघून देतो.