कथा परत आली की लिहिणंच सुटतं

"कथा नाकारली गेली की महिना-महिना पेन हातात धरवत नाही. मग मी लेखिका नाहीच, असं समजायचं का?" दिवाळीच्या आगेमागे हा प्रश्न घेऊन कुणी ना कुणी माझ्याकडे समुपदेशनासाठी येतंच. पुण्यात लिहिणाऱ्यांना तोटा नाही.

कोथरूडच्या एका बाईंचं सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत. बँकेत नोकरी, मुलगी कॉलेजात. उन्हाळ्यात त्यांनी एका दिवाळी अंकाला कथा पाठवली आणि उत्साहाच्या भरात सासर-माहेरच्या दोन्ही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तसं जाहीरही केलं. मराठीत दिवाळी अंक १९०९ पासून निघतात. बाईंच्या माहेरी तर अंकांशिवाय दिवाळीच नव्हती. त्यामुळे छापून येण्याला भलतंच वजन आलेलं. संपादकांकडून ना होकार, ना नकार. शेवटी अप्पा बळवंत चौकातल्या दुकानात उभ्यानेच त्यांनी अनुक्रमणिकेवरून बोट फिरवलं. स्वतःचं नाव नव्हतं. कथालेखनाच्या कार्यशाळेतल्या मैत्रिणीचं होतं. तेव्हापासून लिहिणं बंद, आणि त्या मैत्रिणीचा फोनही घ्यायचा नाही.

पहिल्याच भेटीत त्यांनी पिशवीतून कथा काढली. "मॅडम, तुम्ही वाचून खरं काय ते सांगून टाका." मी वाचली नाही. चांगली म्हटलं असतं तर चार दिवस दिलासा, वाईट म्हटलं असतं तर आणखी एक निकाल. दोन्ही नको होते.

अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ पद्धत मी वापरते: त्रास घटनेपेक्षा तिच्यावरच्या आपल्या विचारातून होतो, हे तिचं सूत्र. वहीत तीन रकाने आखायला सांगितले: घटना, त्यावरचा विचार, परिणाम. बाईंनी 'घटना'खाली लिहिलं, 'मला लिहिता येत नाही हे सिद्ध झालं.'

"हे घडलं? कुठे?"

बराच वेळ पेन तसंच धरून बसल्या. मग खोडून लिहिलं, 'कथा या अंकात नाही.' घडलं होतं ते एवढंच. अंकाची पानं जाहिरातींवर ठरतात, बरंचसं साहित्य आधीच मागवलेलं असतं. कथा कच्चीही असेल, तेही मी नाकारलं नाही. पण खोडलेलं वाक्य दुसऱ्या रकान्यातलं होतं, त्यांचं स्वतःचं.

पुढच्या खेपेला त्या म्हणाल्या, "आता छापून नाही आलं तरी मला काही वाटत नाही." माझा काही विश्वास बसला नाही! वाटायला हवंच. 'यावंसं फार वाटतं' ही इच्छा झाली; 'यायलाच हवं, नाहीतर मी कुचकामी' ही सक्ती. इच्छा मोडली तर वाईट वाटतं, पण माणूस टेबलाशी बसू शकतो. सक्ती मोडली की तोंड लपवावंसं वाटतं. काम करायचं ते सक्तीवर. (सलग दोन आठवडे झोप-भूक उडाली, कशातच मन लागेना, तर मात्र वह्या बाजूला ठेवून मनोविकारतज्ज्ञांना भेटावं.)

कथा त्यांनी कार्यशाळेतल्या दोघांना दिली. 'कशी वाटली?' हा प्रश्न मी बंद केला होता. 'कंटाळा कुठे आला?' एवढंच विचारायचं. दोघांनीही सुरुवातीच्या वाड्याच्या वर्णनावर बोट ठेवलं. त्या दोघांतली एक तीच मैत्रीण. वर्णन निम्मं झालं.

कथा अजून छापून आलेली नाही. यंदा दुसऱ्या अंकाकडे गेली आहे, आणि घरात फक्त नवऱ्याला माहीत आहे.