२०१४ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ब्राझील जर्मनीकडून १-७ हरला. त्यात चूक ब्राझीलचे प्रशिक्षक स्कोलारी यांच्या डावपेचांची, की नेमार नव्हता म्हणून हरले?

मुख्यतः डावपेचांची. नेमार जखमी होता हे खरं, पण तो बचाव करत नाही! खरी उणीव बचावपटू थियागो सिल्वाची होती. दोन पिवळ्या कार्डांमुळे तो बाहेर होता, आणि त्याच्या जागी दांते आला.

नेमारच्या जागी स्कोलारींनी बर्नार्ड हा विंगर, म्हणजे कडेने हल्ला करणारा खेळाडू घेतला. त्यामुळे मधल्या फळीत चेंडू अडवायला उरले दोघेच, लुईझ गुस्तावो आणि फर्नांडिन्यो. समोर जर्मनीचे श्वाइनस्टायगर, खेडिरा आणि क्रूस असे तिघं. त्यात डाव्या बाजूचा बचावपटू मार्सेलो वर गेला की परत येईना, त्याच्यामागची डावी बाजू मोकळी.

११व्या मिनिटाचा पहिला गोल कॉर्नरवरचा होता. जर्मनीच्या म्युलरवर लक्ष ठेवणारा डेव्हिड लुईझ गर्दीत अडकला. अशी चूक कुठल्याही संघाकडून होते. संघ कोसळला तो पुढे, २३ ते २९ या मिनिटांत चार गोल खाल्ले तेव्हा. २६व्या मिनिटाचा गोल पुन्हा बघा: क्रूसने फर्नांडिन्योकडून पेनल्टी बॉक्सच्या तोंडाशीच चेंडू काढून घेतला, खेडिराशी देवाणघेवाण केली आणि गोल. आजूबाजूला झाकायला तिसरा मिडफिल्डर नव्हताच.

पाउलिन्यो आणि रामिरेस बाकावर होते. त्यांच्यातल्या एकाला सुरुवातीपासून खेळवून मधे तिघं ठेवायला हवे होते. स्कोलारींनी दोघांनाही उतरवलं, पण मध्यंतरानंतर, ०-५ असताना. निदान दुसऱ्या गोलनंतर तरी बदल करायचा!