गायक आणि नेत्यांची ऊठबस असण्यात गैर काय?

तुम्ही विचारलंय की मोठे गायक नेत्यांच्या घरी जेवायला जातात, वाढदिवसाला गातात, सोबत फोटो टाकतात, यात एवढं काय बिघडलं. मी पुण्यात ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो, त्यामुळे हे सगळं जवळून बघतोय. मैत्री, जेवणखाण याला माझी अजिबात हरकत नाही, फक्त उद्या त्याच माणसाला नाही म्हणता येईल का एवढं बघावं.

किशोरकुमारांनी नाही म्हटलं होतं. आणीबाणीत, १९७६ ला, सरकारच्या वीस कलमी कार्यक्रमाच्या प्रचाराला ते गेले नाहीत तर आकाशवाणी-दूरदर्शनवर त्यांची गाणीच बंद केली. एवढा मोठा माणूस आणि त्याची ही गत, मग बाकीच्यांनी काय धडा घेतला असेल?

उलट बाजूही आहे, म्हणजे कलाकारालाच काहीतरी हवं असतं. अमेरिकन गायक एल्विस प्रेस्ली डिसेंबर १९७० मध्ये स्वतःच पत्र घेऊन व्हाइट हाउसच्या गेटवर गेला, राष्ट्राध्यक्ष निक्सनला भेटला, एल्विसला अमली पदार्थविरोधी खात्याचा बिल्ला पाहिजे होता आणि तो मिळाला पण. ब्रिटनमध्ये १९९७ ला टोनी ब्लेअर पंतप्रधान म्हणून निवडून आल्यावर ओअॅसिस या रॉक बँडचा नोएल गॅलाघर डाउनिंग स्ट्रीटला, म्हणजे पंतप्रधानांच्या घरी, पार्टीला गेला, हातात ग्लास घेऊन दोघं गप्पा मारतायत तो फोटो आजही नोएलचा पिच्छा सोडत नाही.

आपल्याकडे १९९६ ला मायकल जॅक्सन मुंबईत आला तेव्हा मातोश्रीवर बाळासाहेबांना भेटला. त्याबद्दल मला काहीच म्हणायचं नाही, पण युती सरकारने त्या शोचा करमणूक कर माफ केला आणि ते प्रकरण कोर्टात गेलं, पार २०२१ पर्यंत रेंगाळलं. सरकारी तिजोरीचा संबंध आला की ती नुसती ओळख राहत नाही असं माझं ठाम मत आहे.

आमच्या लेव्हलला हे वेगळं दिसतं. दहीहंडीचा स्टेज, गायिका अंतऱ्यात आहे, सूर मस्त लागलाय, आणि निवेदक खालून चिठ्ठी आणून देतो की भाऊ, म्हणजे तिथले नेते, आलेत, थांबवा. गाणं तिथेच तुटतं, मग शाल, श्रीफळ, पुणेरी पगडी, भाषण, आम्ही मागे नुसते उभे, आणि पाऊण तासाने तोच मुखडा परत, तोवर पब्लिकपण पांगलेलं. मला याचा खरंच त्रास होतो, कारण समोर चार पोरं अशी असतात की जी फक्त गाणं ऐकायला आलेली असतात. पण वर्षाची निम्मी कमाई गणपती-दहीहंडीच्या सुपाऱ्यांवर, म्हणजे कार्यक्रमांच्या बुकिंगवर, आणि सुपारी देणारा भाऊंचाच माणूस, तिथे नाही कोण म्हणणार? म्हणून लहान कलाकारांना लाचार म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

आमच्यातली एक गायिका हल्ली सुपारी घेतानाच स्पष्ट सांगते की सत्कार गाण्याच्या आधी नाहीतर नंतर, मध्ये नाही. बरीच मंडळं मान्य करतात, आणि जी करत नाहीत त्यांची सुपारी ती घेत नाही.