बुरशीची गोळी आणि हृदयाची झडप

प्रश्न : माझ्या आईच्या हृदयाची मायट्रल झडप नऊ वर्षांपूर्वी बदलून धातूची कृत्रिम झडप बसवली. तेव्हापासून ती रक्त पातळ करणारी वॉर्फरिनची गोळी रोज घेते. गेल्या महिन्यात गजकर्णासाठी दुकानातून फ्लुकोनाझोलच्या गोळ्या आणल्या, आणि आठवड्याभरात तिच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागले, तपासणीत आय.एन.आर. (रक्त साकळायला किती वेळ लागतो याचे मोजमाप) ३ वरून ६.४ वर गेल्याचे दिसले. त्वचेवरील बुरशीच्या औषधाचा झडपेशी काय संबंध? पुन्हा गजकर्ण झाले तर काय करावे?
– एक वाचक, मिरज

उत्तर : बुरशीच्या औषधाचा झडपेशी थेट संबंध नाही, तो झडपेसाठी घ्याव्या लागणाऱ्या गोळीशी आहे. धातूच्या झडपेवर रक्त साकळण्याची प्रवृत्ती कायम असते. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत घडवलेली आणि डिसेंबर १९९० मध्ये प्रथम रुग्णाला बसवलेली, कलत्या चकतीची भारतीय झडप असो वा परदेशी बनावटीची, गुठळी होऊ नये म्हणून वॉर्फरिन किंवा त्याच कुळातील ॲसेनोकुमारोल जन्मभर घ्यावेच लागते. रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्या येथे चालत नाहीत.

गंमत अशी की, या गोळीचे मूळही बुरशीतच आहे. १९२० च्या दशकात अमेरिका-कॅनडात गोड क्लोव्हर नावाचा चारा खाल्लेली गुरे रक्तस्रावाने मरत. पण चारा दमट होऊन बुरसला असेल तरच. चाऱ्यातल्या कुमारिन-वर्गीय द्रव्यांवर बुरशीची विकरे (एन्झाइम) काम करतात आणि त्यातून डायकुमारोल तयार होते. ते विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेत १९४० च्या सुमारास ओळखले गेले. त्यावरून बेतलेले वॉर्फरिन १९४८ मध्ये आधी उंदीर मारण्याचे औषध म्हणून बाजारात आले आणि माणसांच्या उपचारात त्यानंतर काही वर्षांनी. ‘क’ नव्हे, ‘के’ जीवनसत्त्वाचे पुनर्वापर-चक्र ते रोखते, त्यामुळे रक्त साकळवणारे घटक यकृतात नीट घडत नाहीत.

आता आपल्या आईंचे झाले काय? बुरशीला आपले पेशीपटल बांधण्यासाठी एक विकर लागते. ते सायटोक्रोम पी-४५० या मोठ्या कुळातले आहे. फ्लुकोनाझोल त्या विकराच्या गाभ्यातील लोहाला चिकटून त्याचे काम बंद पाडते. परंतु वॉर्फरिनचे विघटन करणारे आपल्या यकृतातील मुख्य विकर, सी.वाय.पी.२सी९, त्याच कुळातले असल्याने औषधाच्या तावडीत तेही सापडते. गोळी तेवढीच, पण शरीरातून तिचा निचरा मंदावतो आणि रक्तातील मात्रा चढत जाते. फ्लुकोनाझोल शरीरातून सावकाश जाते, म्हणून ते थांबवल्यावरही परिणाम काही दिवस टिकतो. दोष आपला नाही, परंतु दुकानदाराने ‘आणखी कोणत्या गोळ्या चालू आहेत?’ एवढे विचारायला हवे होते.

६.४ हा आकडा आणि हिरड्यांतील रक्तस्राव एकत्र असल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. वॉर्फरिन मनाने कायमचे बंद करू नये, कारण मग उलट धोका झडपेवर गुठळी होण्याचा असतो.

पुढील वेळी गजकर्णाचा भाग लहान असेल, तर टर्बिनाफिनचे मलम त्वचारोगतज्ज्ञांना विचारून लावावे. ते बुरशीचे वेगळेच विकर अडवते आणि लावलेल्या मलमातून रक्तात फार थोडे उतरते. पोटात गोळी घ्यावीच लागली, तर हृदयरोगतज्ज्ञांना आधी सांगून सुरुवातीला आणि आठवड्याच्या आत आय.एन.आर. तपासावा, व गोळी थांबवल्यावर पुन्हा. बुरशीमुळे तोंड आल्यावर लावायचे मिकोनाझोलचे जेल निरुपद्रवी वाटते, पण गिळले गेले की तेही याच विकराला अडवते. त्यामुळे ‘गोळी कुठे घेतली, नुसते जेलच लावले’ असे म्हणून ते डॉक्टरांपासून लपवू नये.