फोन जुन्याच राउटरला का चिकटतो?

प्रश्न: राउटर पुढच्या खोलीत आहे, मागच्या खोलीत वाय-फायचा सिग्नल पुढे पोहोचवणारा एक्स्टेंडर लावला आहे. दोघांची नावं वेगळी आहेत. एक्स्टेंडरच्या शेजारी बसलो तरी फोन एका दांडीवर राउटरलाच धरून बसतो. एक्स्टेंडर बिघडला आहे का?

उत्तर: बहुतेक नाही. कोणाला जोडायचं हे राउटर नाही, फोन ठरवतो. नावं वेगळी असली की त्याच्या लेखी ती दोन परकी नेटवर्क; पहिलं जेमतेम चालतंय तोवर तो सहसा दुसऱ्याकडे वळत नाही. दोन्हीकडे नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार (उदा. डब्ल्यूपीए२) तंतोतंत सारखे ठेवा. नावातली एक जास्तीची स्पेसही चालत नाही.

तरी फोन लगेच उडी मारणार नाही. सिग्नल डीबीएममध्ये मोजतात. आकडा उणे असतो, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. आयफोन सिग्नल -७० च्या खाली गेल्यावरच दुसरा पर्याय शोधतो, आणि त्या क्षणी वाय-फायवरून डेटाची ये-जा चालू असेल तर तो पर्याय किमान ८ डेसिबलने, नसेल तर १२ डेसिबलने सरस लागतो. म्हणजे राउटर -७२ आणि एक्स्टेंडर -६६ असेल, तर फोन जागचा हलत नाही. अँड्रॉइडमध्ये ही मर्यादा फोनगणिक बदलते. राउटरच्या सेटिंगमध्ये 'ट्रान्समिट पॉवर' असल्यास ती एक पायरी उतरवा. कमी ताकदीने काम सुधारतं हे पटायला जड जातं, पण मागच्या खोलीत राउटर फिका पडला की फोन त्याला लवकर सोडतो.

एक्स्टेंडरही मागच्या खोलीतून काढून निम्म्या वाटेवर आणा. त्याला स्वतःलाच राउटरचा सिग्नल -६५ च्या आसपास मिळत नसेल, तर तो पुढे काय देणार?

प्रश्न: राउटरच्या २.४ आणि ५ गीगाहर्ट्झ या दोन वाय-फाय पट्ट्यांना वेगळी नावं दिली आहेत. वीज जाऊन आली की लॅपटॉप दर वेळी २.४ वरच सापडतो. असं का?

उत्तर: राउटरचा ५ गीगाहर्ट्झ चॅनल (पट्ट्यातला क्रमांक दिलेला भाग) बहुधा ५२ ते १४४ मधला असेल. हे चॅनल रडारही वापरतात, म्हणून सुरू होताना राउटरला किमान एक मिनिट नुसतं ऐकत थांबावं लागतं. तोवर २.४ हजर असतं. लॅपटॉप ते पकडतो आणि मग सोडत नाही. चॅनल 'ऑटो'वरून काढून ३६ ते ४८ पैकी एक निवडा, आणि लॅपटॉपमध्ये २.४ च्या नावासमोरचं 'आपोआप जोडा' बंद करा.