भाषा कच्ची असल्याचे कारण

(पत्रलेखिका परिचारिका आहेत. गेली दोन वर्षे त्या युगांडात, कंपालाच्या परिसरात, रुग्णांच्या घरी जाऊन पॅलिएटिव्ह केअरचे, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या रुग्णांच्या वेदना कमी करण्याचे, काम करतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने एक तरुण आई तीन मुले मागे ठेवून गेली, तेव्हापासून त्यांची देवावरची श्रद्धा उडाली आहे. रुग्णांनी प्रार्थना करायला सांगितले की त्या हात जोडतात आणि आपण त्यांना फसवतो आहोत, या विचाराने रात्रभर जागतात. बरोबरची युगांडन परिचारिका मात्र सहज प्रार्थना करते, याचा त्यांना हेवा वाटतो. काम सोडून परत यावे का, असे त्यांनी विचारले आहे.)

तुमचे पत्र चार पानांचे आहे आणि त्यातली जवळजवळ सगळी जागा देवाने घेतली आहे. मी मात्र तिसऱ्या पानावर कंसात टाकलेल्या एका वाक्यापाशी थांबले. मृत्यूनंतर घरच्यांना भेटायला जाण्याचे काम तुम्ही जानेवारीपासून सहकारी परिचारिकेकडे सोपवले आहे, कारण तुमची लुगांडा ही तिथली भाषा अजून कच्ची आहे, असे तुम्ही तिथे लिहिले आहे.

हे कारण मला पटत नाही. ते तुम्हालाही पुरते पटलेले नसावे, एरवी ते कंसात गेले नसते. याच कच्च्या भाषेत तुम्ही रोज कुठे दुखते, कसे दुखते, झोप लागते का, हे विचारता. पातळ मॉर्फीन हे वेदनाशामक दर चार तासांनी द्यायचे, रात्री झोपताना दुप्पट मात्रा द्यायची म्हणजे मध्यरात्री उठवावे लागत नाही, सोबतचे बद्धकोष्ठतेचे औषध चुकवायचे नाही आणि दुखणे थांबले म्हणून मॉर्फीन परस्पर बंद करायचे नाही, हे सारे तुम्ही अक्षरओळख नसलेल्या आजीलाही समजावून देता. आणि ज्या घरी माणूस गेले आहे तिथे लुगांडात म्हणायचे असते ते एवढेच: ‘किटालो न्यो’, फार वाईट झाले. एवढे बोलण्याइतकी भाषा तुम्हाला पहिल्याच महिन्यात आली असणार.

तुम्हाला अडवणारी गोष्ट दुसरीच आहे, असे मला वाटते. डॉ. ॲन मेरिमन यांनी १९९३ मध्ये कंपालात हे काम सुरू केले ते तोंडाने घ्यायच्या स्वस्त, पातळ मॉर्फीनच्या आधारावर. पुढे २००४ मध्ये युगांडाने खास प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिकांनाही मॉर्फीन लिहून देण्याचा अधिकार दिला, कारण डॉक्टरांची वाट पाहत बसले असते तर असंख्य माणसे कण्हतच गेली असती. अशा व्यवस्थेत काम करताना परिचारिकेला आपल्या हातातल्या बाटलीचे मोल पुरेपूर कळते. तुमची बाटली घरात आली की तासाभरात माणसाचा चेहरा सैल होतो, हे तुम्ही फार सुंदर लिहिले आहे. पण माणूस गेलेल्या घरी त्या बाटलीचा उपयोग नसतो, तिथे रिकाम्या हातांनी जावे लागते. प्रार्थनेची विनंती झाली की तुमचे हात असेच रिकामे पडतात. या दोन्ही प्रसंगी तुम्ही अस्वस्थ होता. एका अस्वस्थतेला तुम्ही श्रद्धा गेल्याचे नाव दिले आणि दुसरीला भाषेचे.

आधुनिक हॉस्पिसचा, म्हणजे मरणाच्या वाटेवरच्या रुग्णांची काळजी घेणाऱ्या संस्थेचा, पाया घालणाऱ्या डॉ. सिसिली साँडर्स यांची श्रद्धा गाढ होती. १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस सुरू करताना त्यांनी बायबलमधला गेथशेमाने बागेतला प्रसंग आपल्या कामाच्या मुळाशी ठेवला. मरणाच्या आदल्या रात्री येशू शिष्यांकडे इतकेच मागतो, की इथे थांबा आणि माझ्याबरोबर जागे राहा. मरणाचा अर्थ सांगा, असे तो म्हणत नाही, आणि मला यातून सोडवा, असेही शिष्यांना सांगत नाही. शिष्यांना तेवढेही जमत नाही, ते झोपी जातात. तुमचे बहुतेक रुग्ण ही गोष्ट लहानपणापासून ऐकत आले असतील. ते ‘प्रार्थना कर’ म्हणतात तेव्हा त्यात हे जागे राहण्याचे मागणेही असते, आणि ते पुरवायला तुमच्या पोटात श्रद्धा असावीच लागते असे नाही. साँडर्स यांच्या हॉस्पिसचे दारही सर्व धर्मांच्या आणि कुठलाच धर्म नसलेल्या माणसांसाठी उघडे होते.

सहकारी परिचारिकेचा हेवा मात्र थांबवा. गेले कित्येक महिने ती स्वतःचे काम करून तुमच्या वाट्याच्या घरीही जाते आहे. त्या घरांत तिला काय दिसते, हे तुम्ही एकदाही विचारलेले नाही. तुमची ओळख प्रत्येक कुटुंबाच्या सर्वांत वाईट दिवशी संपते. पुढे धाकट्याला कोण न्हाऊ घालते, थोरली पुन्हा शाळेत जाऊ लागली का, आजी रात्री झोपते का, हे तुमच्यापर्यंत पोहोचतच नाही. त्या तीन मुलांविषयी तुमच्या पत्रात पुढे एक शब्द नाही. मृत्यूच्या क्षणाशी तुम्ही एकट्या अडकून पडला आहात आणि तुमचे दुःख सांगायला तुम्हाला माणूसच उरलेले नाही. हे वाचून मला तुमची फार काळजी वाटली, म्हणूनच इतके कठोर लिहिते आहे.

परतण्याचा निर्णय आत्ता घेऊ नका. या आठवड्यात त्या तरुण आईच्या घरी जा. सहकारी परिचारिकेला सोबत न्यायचे तर न्या, पण बोलायचे काम तिच्यावर टाकू नका. त्या घराची दुःख करण्याची स्वतःची रीत आहे, तुम्हाला फक्त त्यांच्यात जाऊन बसायचे आहे. आजीने प्रार्थना करायला सांगितले तर मला सध्या जमत नाही, तुम्ही करा, मी जवळ बसते, असे खरे सांगा. रडू आले तर तिथेच रडा. मुलांची नावे विचारा, आणि औषधांची पेटी गाडीतच राहू द्या.