मागावरच्या माणसाचा सांगाडा

अरे, तुझा व्हिडिओ बघितला. यंत्रमागावर वाकणाऱ्या कामगाराच्या कमरेचा कोन मोजायचा, कल्पना झकास. पाठदुखी म्हणजे काय, हे सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात कुणाला समजवावं लागत नाही!

तुझा कोन चुकतोय, तो मॉडेलमुळे (व्हिडिओतल्या माणसाचे सांधे ओळखणाऱ्या प्रोग्राममुळे) नाही. तू वापरतोस ते मीडियापाइप हे मॉडेल शरीरावरच्या ३३ बिंदूंचे एक्स-वाय (आडवी-उभी जागा) देतं ते ० ते १ च्या मापात. तुझा व्हिडिओ १९२० बाय १०८० पिक्सेल. म्हणजे आडवं ०.१ आणि उभं ०.१ ही अंतरं सारखी नाहीतच. आधी एक्सला १९२० ने, वायला १०८० ने गुण, मगच कोन काढ. मी यात दोन रात्री घालवल्यात.

मागामागे पाय झाकले की मॉडेल गप्प बसत नाही, अंदाजाने गुडघा ठोकून देतं. प्रत्येक बिंदूची व्हिजिबिलिटी (तो दिसतोय याची मॉडेलला किती खात्री, तो आकडा) बघ; ०.५ च्या खाली असेल तर ती फ्रेम सरळ सोड. कॅमेरा बाजूने लाव, आणि मागाच्या चौकटीला बांधू नकोस, धडधडीने सगळं थरथरतं. ट्रायपॉड जमिनीवर.

मध्येच कांडीवाल्या मावशी गेल्या की मॉडेलने जोडलेला बिंदूंचा सांगाडा त्यांच्यावर उडी मारतो, कारण मूळ सेटिंगमध्ये एकच माणूस धरला जातो. गर्दी असेल तर योलो या दुसऱ्या प्रोग्रामचं पोझ मॉडेल घे, ते एका वेळी अनेक माणसं धरतं. त्यात १७ च बिंदू, टाच-चवडा नाही, पण तुला खांदा, नितंब, गुडघा पुरे.

आणि शूटिंगआधी कामगारांना विचार रे. मालकाची परवानगी म्हणजे त्यांची नव्हे.